बारीक दाताचं पान

चैत्र सरता सरता एका दुपारी वारं सुटलं आणि कल्याणप्पाच्या रोपवाटिकेचा बांबूचा मांडव आडवा झाला. हिरवी जाळी फाटून बांधावरच्या बाभळीत अडकली. खाली मिरचीची आणि वांग्याची रोपं उघड्यावर पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याणप्पा परंड्यात आला आणि कुर्डुवाडी रस्त्यावरच्या सरदारच्या वेल्डिंगच्या दुकानासमोर त्यानं मोटारसायकल थांबवली.

त्याला बघितल्याबरोबर सरदारचा मुलगा इरशाद यानं हातोडा उचलला आणि ऐरणीवर दोन टोले हाणले. दुकानामागं पत्र्याच्या आडोशापलीकडं चाललेला करवतीचा आवाज थांबला.

"सरदारभाई, आता बांबूचं नाव काढू नका," कल्याणप्पा बसायच्या आधीच म्हणाला. "लोखंडी सांगाडा पायजे. लगेच पायजे. रोपं करपायलीत."

"पाईप कुठला घालायचा, अप्पा?"

"जीआय. जस्ताचा, पातळ चालंल. वर जाळीच हाय, हत्ती थोडाच बसवायचाय?"

सरदार हसला. त्याचा उजवा हात मांडीवर होता. खांदा धरल्यापासून तो हात बहुतेक तिथंच असायचा. डाव्या हातानं त्यानं चहाचा कप पुढं सरकवला.

"कापाकापी लई हाय ह्यात," तो म्हणाला.

"तुमच्या हाताला काय अवघड हाय? गुण्यात, नीट काटकोनात कापावं तर सरदारभाईनं, असं सगळा तालुका म्हणतोय."

सरदारनं मान खाली घातली. पत्र्यापलीकडं त्याची सून शाहिस्ता शिकंज्यात धरलेल्या पाईपवर वाकून उभी होती. करवतीचं पान अर्ध्या कापात होतं. असं मधेच थांबावं लागलं की ते बाहेर काढायचं नाही, कारण परत घालताना दात अडकतो आणि तुटतो. म्हणून ती तशीच वाकून, दोन्ही हातांनी चौकट धरून उभी राहायची. गिऱ्हाईक चहा पिऊन, पानतंबाखू करून जाईपर्यंत. कधी कधी गिऱ्हाईकाला फार बोलायचं असायचं.

घराण्यात सुना-लेकींनी लोखंडाला हात लावलेला नव्हता. सरदारचा खांदा धरला, कापायला ठेवलेला माणूस ऊसतोडीला निघून गेला, तेव्हा शाहिस्ता आधी नुसती पाईपाचं टोक धरायला येऊ लागली. मग एक दिवस सरदारला कळ सोसेना आणि त्यानं चौकट तिच्या हातात दिली. त्यानंच तिला शिकवलं. जाड सळईला ढोबळ दाताचं पान. पातळ पाईपाला बारीक दाताचं. पाईपाच्या पत्र्यावर एका वेळी दोन-तीन दात टेकले पाहिजेत, एकटा दात टेकला की तो अडकून झडतो. एका दमात आरपार कापायचं नाही. आतली पोकळी लागली की पाईप थोडा फिरवायचा, परत कापायचं, परत फिरवायचा. दाबायचं पुढं जाताना, मागं येताना हात हलका. आणि दिवसाचं काम संपलं की चौकटीचा कानाचा नट ढिला करून ठेवायचा, पानाला रात्रभर ताणात ठेवायचं नाही.

सासू खातूनबीला हे पटलेलं नव्हतं. पण घर त्यावर चाललं होतं, तेव्हा तिनं एवढंच केलं की आडोशाच्या पत्र्याला वरून आणखी एक पत्रा ठोकून घेतला. टोल्यांची खूणही तिचीच: गिऱ्हाईक आलं की ऐरणीवर दोन टोले, की मागं करवत थांबवायची. लोकांना करवतीचा आवाज ऐकू यायचा तेव्हा सरदार पुढं बसलेला दिसता कामा नये, एवढा साधा हिशोब होता.

मोडलेली पानं मात्र ती मागून न्यायची. एका टोकाला चिंधी गुंडाळली की तव्याची खरपड काढायला त्याच्यासारखं काही नव्हतं.

कल्याणप्पा गेला तशी शाहिस्तानं कंबर सरळ केली आणि उरलेला काप पुरा केला. तुकडा खाली पडायच्या आधी तिनं डाव्या हातानं झेलला. काठ बोटानं चाचपला. कुठं बोटाला टोचणारी कुस नव्हती.

*

"हातानं व्हनार न्हाय हे," इरशाद जेवताना म्हणाला. "मशीन घ्यावं लागंल."

"घे की," सरदार म्हणाला. "पण बघून घे. जाताना शाहिस्ताला घेऊन जा. कापायचं तिला म्हायती."

"बाईमाणूस घेऊन मशीन आणायला जात्यात व्हय कुठं?" खातूनबी म्हणाली.

"धाराशिवला जायलीत, लंकेला न्हाय," सरदार म्हणाला.

 शाहिस्तानं भाकरी उलटली. रात्री मात्र तिनं कापलेल्या पाईपाचा एक वीतभर तुकडा कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला.

धाराशिवला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत यंत्रांचं दुकान होतं. दुकानदारानं चष्म्यावरून इरशादकडं बघितलं.

"काय कापायचंय?"

"पाईप."

"पाईप सगळेच कापतात. कसला? जाडी काय?"

इरशादनं मागं बघितलं. शाहिस्ता दाराशी उभी होती. तिनं पिशवीतून तो तुकडा काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो काउंटरवर ठेवला. दुकानदारानं काठावरून अंगठा फिरवला.

"चांगलं कापलंय. कुठल्या मशीनवर?"

"हातानं."

"तुमच्या?"

"घरीच," इरशाद म्हणाला.

दुकानदारानं आधी चकतीचं मशीन चालू केलं. ठिणग्यांचा फवारा उडाला, जळका वास आला आणि बघता बघता पाईपाचे दोन तुकडे झाले. इरशादचे डोळे चमकले. "एका घासात," तो म्हणाला. शाहिस्ता पुढं आली. तुकडा निवेपर्यंत थांबली आणि मग तिनं तो उचलला. काठ निळाकाळा पडला होता. आतल्या बाजूनं लोखंड वितळून कुसं उभी राहिली होती.

"जस्त जळालंय," ती हळूच म्हणाली. "अप्पाच्या हितं रोज पाणी उडणार. हितनंच गंजंल. आन् परत्येक टोकाला कानस मारत बसावं लागंल."

"जस्त जळतंय की हो," इरशाद दुकानदाराला म्हणाला. "रोपवाटिकेचं काम हाय, रोज पाणी. गंजंल की."

"अभ्यास करून आलाय तुम्ही," दुकानदार म्हणाला आणि दुसऱ्या मशीनकडं वळला. त्याला दातांचा एक लांब पट्टा होता, दोन चाकांवरून फिरणारा. वरून पाण्याची धार ठिबकत होती. ते सावकाश खाली आलं, कुरकुर न करता पाईपात शिरलं आणि तुकडा पडला. शाहिस्तानं हात लावला. काठ गार होता.

"हेच," ती म्हणाली. ह्या वेळी जरा मोठ्यानं.

"ह्याला जोर लागत नाही," दुकानदार इरशादला सांगत होता. "आपल्या वजनानं खाली येतं. बाईमाणूससुद्धा चालवील." तो हसला. इरशादही हसला. "हे दोन पट्टे बरोबर. बारीक दाताचा पातळ पाईपाला, ढोबळ दाताचा भरीव सळईला. उलट केलंत तर दात झडतील, मग मला फोन करू नका."

शाहिस्ता त्या मशीनभोवती एक चक्कर मारून आली. चालवणाऱ्यानं कुठं उभं राहायचं ते तिनं बघितलं. बसूनही चाललं असतं, स्टूल जरा उंच घेतलं तर.

परत येताना टेम्पोत ती खिडकीशी बसली होती. बार्शी मागं पडली तेव्हा ती म्हणाली, "मागच्या अंगणात कडुलिंबाखाली ठेवू. तिथं सावली हाय दिवसभर."

"बघू," इरशाद म्हणाला.

*

मशीन दुकानात उतरवलं, ऐरणीच्या उजव्या बाजूला. चार माणसं लागली. शाहिस्ता आडोशाच्या फटीतून बघत होती. माणसं गेल्यावर ती पुढच्या दारापर्यंत आली.

"मागं न्यायचं न्हाय का?"

"थ्री फेजचं मीटर हितं हाय," इरशाद म्हणाला. "मागं कसं न्यायचं?"

"वायर वडली तर?"

"तू काय रस्त्यावर उभी राहून पाईप कापणार व्हय गं?" मागून खातूनबी म्हणाली. "येणारं-जाणारं थांबून बघंल."

"म्हणून तर मागं म्हणते, अम्मी. मग कापणार कोण?"

 इरशाद मशीनवरचा प्लास्टिकचा कागद फाडत होता.

"समदला बोलावलंय," खातूनबीच म्हणाली. "माज्या भावाचा ल्योक. वाशीला बसूनच हाय. उद्या येतोय."

"उद्या? कधी बोलावला?" शाहिस्तानं विचारलं.

"धाराशिवला जायच्या आधीच फोन केला व्हता," इरशाद म्हणाला. त्यानं वर बघितलं नाही.

सरदार खुर्चीत होता. "तिला येतंय ते काम," तो म्हणाला.

"येत असंल," खातूनबी म्हणाली. "सैपाक बी येतोय तिला."

सरदारनं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

शाहिस्ता मागं आली. शिकंज्याखाली सकाळचा लोखंडाचा कीस पडला होता. तो तिनं झाडून घेतला.

*

समद अंगानं थोराड आणि बोलायला गोड होता. आल्या आल्या त्यानं मशीनला हार घातला आणि मोबाइलवर फोटो काढून घेतला.

"भाबी, चहा टाका. मशीनच्या नावानं."

चहा देताना शाहिस्ता म्हणाली, "समदभाई, पातळ पाईपाला ढोबळ पट्टा चढवू नका."

"भाबी, म्या पुण्याला कंपनीत व्हतो."

"काय करत व्हताव?"

"पॅकिंगला. पण मशिनी काय बघितल्या न्हाईत व्हय?" तो इरशादकडं बघून हसला. "उस्ताद हायत भाबी आपल्या."

तेव्हापासून तो तिला उस्तादभाबीच म्हणू लागला. चहा हवा असला की आडोशाचा पत्रा वाजवायचा. "उस्ताद, दोन कप!"

पहिला दिवस बरा गेला. शाहिस्ता कणीक मळताना कान देऊन होती. पट्टा एका सुरात चालला होता, मधे थांबून तुकडा पडल्याचा आवाज यायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सूर बदलला. कट् कट् कट् असं काहीतरी अडकत होतं. तिचे हात परातीत थांबले. ढोबळ दात पत्र्याच्या काठावर बसून उचलले जात होते. तिला ते हाताला लागल्यासारखं कळत होतं.

ती उठून आडोशापर्यंत गेली. "बंद करा," ती म्हणाली. आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. ती पुन्हा मोठ्यानं म्हणाली, "बंद करा ते!"

"काय झालं?" इरशाद ओरडला.

"पट्टा बदललाय. दात चाललेत."

"बारीक पट्टा लई सावकाश चालतोय, भाबी," समद म्हणाला. "अप्पाला घाई हाय."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. दोघंही आडोशाकडं बघत होती. इरशादच्या कपाळाची शीर उठली.

"आत जा," तो म्हणाला.

ती आत आली. थोड्या वेळानं टर्र असा लांब आवाज झाला, ढोबळ पट्ट्याचे दात झडले आणि सगळं गप झालं. संध्याकाळी समदनं पुन्हा बारीक पट्टा चढवला, आणि वेळ भरून काढायला म्हणून मशीनच्या मुंडक्यावर हातानं दाब दिला. तो पट्टा जोडावरच तुटला. तुटताना त्याच्या शर्टाची बाही फाडून गेला. दंडाला ओरखडा आला, तेवढ्यावर निभावलं.

"अल्लानं वाचवलं पोराला," खातूनबी हळद लावताना म्हणत होती. "कसलं मशीन आणलं बया. हिनंच निवडलं न्हवं?"

*

नवे पट्टे पुण्याहून मागवायला लागणार होते. कल्याणप्पाचा फोन येत राहिला. रोपं माना टाकत होती. त्यानं साड्या बांधून सावली केली होती, त्याही वाऱ्यानं उडत होत्या.

इरशादनं खांद्यावरून पाईपांचा भारा आणला आणि मागच्या अंगणात टाकला. शाहिस्ता ज्वारी निवडत होती.

"एवढं काढून दे."

"मशीनला काय झालं?"

"तुला म्हायती हाय की."

"समदभाईला सांगा."

"समदला हातकरवत जमत न्हाय."

"पुण्यात जमत व्हती की."

"जीभ आवर," खातूनबी चुलीपासून म्हणाली.

इरशाद तसाच उभा राहिला. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. शाहिस्तानं सूप खाली ठेवलं.

"हे झालं की मशीन मागं आणताव का? वायर वडून?"

"आधी हे तर हू दे."

"म्हणजे आणताव?"

"व्हय व्हय. आणू. हात उचल आता."

सरदार आपल्या पत्र्याच्या डब्यातून बारीक दाताचं एक कोरं पान घेऊन आला. तेवढं एकच उरलं होतं. डाव्या हातानं त्यानं ते चौकटीत बसवलं, दात पुढच्या बाजूला आहेत का ते बघितलं, नट आवळायला लागला. त्याला जमेना. शाहिस्तानं त्याच्या हातातून चौकट घेतली आणि नट आवळला. पानावर टिचकी मारली. ते नीट वाजलं.

"पोरी, म्याच कापलं असतं गं," सरदार म्हणाला.

"म्हायती हाय, अब्बा."

ऊन वर आलं की आडोशालगत उन्हातच रोवलेला शिकंजा हाताला पोळायचा, म्हणून ती त्यावर ओलं फडकं टाकायची. डोक्यावरही ओला पदर. कोपर, खांदा, पाठ असं सगळं एका लयीत पुढं-मागं व्हायचं आणि थोड्या वेळानं कुठं दुखतंय तेही कळेनासं व्हायचं. तळहाताच्या रेषांत लोखंडाचा कीस बसला. कितीही धुतला तरी निघेना.

"भाकरीत कचकच लागायलीय," खातूनबी म्हणाली.

"मग तुमी थापा की अम्मी, तेवढे दोन दिवस," शाहिस्ता म्हणाली. खातूनबीनं थापल्या नाहीत, पण परत कचकचीचं नावही काढलं नाही.

पुढं मशीन उघडंच उभं होतं, हारासकट. हार वाळला होता. समद पुढच्या बाकावर बसून तिनं कापलेले तुकडे मापानं लावून ठेवायचा आणि इरशाद ते जोडायचा. समदनं वाकडे कापलेले तुकडेही मागं आले. ते तिनं पुन्हा कापून गुण्यात करून दिले.

काम उरकत आलं त्या दिवशी पुढून दोन टोले वाजले. ट्रॅक्टरची ट्रॉली दारात लागली होती. शाहिस्ता शेवटच्या, जादा म्हणून घेतलेल्या पाईपावर होती. काप अर्ध्यावर आला होता. ती थांबली, वाकलेली, चौकट दोन्ही हातांत.

कल्याणप्पा उतरला आणि सांगाड्याच्या खांबांपाशी गेला. त्याला लोखंडातलं कळायचं. त्यानं एका पाईपाच्या तोंडावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्याच्या.

"बघा बरं. कसं लोण्यागत कापलंय. कुठं कुस न्हाय." त्यानं मशीनकडं बघितलं. "कितीबी म्हणा, मशीन ते मशीन."

"व्हय अप्पा," इरशाद म्हणाला.

"कोण चालवतंय?"

"ह्यो समद. माजा मामेभाऊ."

"हात चांगलाय रे तुजा," कल्याणप्पानं समदच्या पाठीवर थाप मारली. "सरदारभाई, तुमी गादीला वारस आणला म्हणायचा."

समद लाजल्यासारखा हसला.

सरदार खुर्चीतून उठला होता. "अप्पा..." तो म्हणाला.

"काय?"

पत्र्यापलीकडं शाहिस्तानं चौकटीवरून मान वर केली.

सरदारनं इरशादकडं बघितलं. मग रस्त्याकडं. "न्हाय, म्हटलं चहा घेऊन जावा." आणि आत तोंड करून त्यानं आवाज दिला, "शाहिस्ता, चहा टाक गं."

तिनं पान कापात तसंच सोडलं. हात धुतले आणि चूल पेटवली.

*

चार-पाच दिवसांनी एसटीच्या पार्सलनं पट्टे आले. ह्या वेळी इरशादनं दुकानदाराला फोनवर सगळं नीट विचारून घेतलं आणि बारीक पट्टा स्वतः चढवला. ढोबळ पट्टा त्यानं कपाटात कुलपात ठेवला.

"मागं आणायचं म्हणला व्हताव," शाहिस्ता म्हणाली.

"आता कसं जमंल?" त्याचा आवाज चढा नव्हता. तो तिला समजावूनच सांगत होता. "अप्पानं समद्या रोपवाटिकावाल्यांना सांगितलंय. मशीन बघायला लोक येणार. मागं झाकून ठेवून कसं चालंल? आन् तुजं बी बरंच झालं की. उन्हातानाचं सुटलीस."

"व्हय," ती म्हणाली.

शिकंज्यात तो अर्धा कापलेला पाईप अजून होता. तिनं पान कापातून अलगद काढलं. कानाचा नट ढिला केला, आणखी ढिला केला, पान बाहेर आलं. दात अजून चांगले होते. सरदार आडोशाच्या दारात उभा राहून बघत होता. तिनं पान दोन्ही टोकांना धरलं आणि गुडघ्यावर वाकवलं. ते कमानीसारखं वाकलं, मग कट् करून मोडलं.

सरदार आत निघून गेला.

"नवंच व्हतं की गं ते," खातूनबी म्हणाली.

"तुमचं पहिलं बोथट झालंय न्हवं, अम्मी. तव्याला लागंल."

तिनं एका तुकड्याला चिंधी गुंडाळली, दोऱ्यानं आवळली, चुलीपाशी बसली आणि तवा पालथा घातला. खरपड जाड होती. खसक् खसक् असा आवाज अंगणात येऊ लागला.

पुढून ऐरणीवर दोन टोले पडले. इरशाद काहीतरी सरळ करत असावा.

शाहिस्ताचा हात तव्यावर थांबला. पुढं वाकलेली, पान तव्याला टेकवून, ती तशीच बसून राहिली.

"थांबलीस का?" खातूनबी म्हणाली. "तवा हाय त्यो. घास की."